अज्जीच्या हातावरची तुळस

पत्र, थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या चोवीस वर्षांच्या एका मुलीनं लिहिलंय. आईवडील कामानिमित्त पुण्यात, त्यामुळे तिला आणि धाकट्या भावाला आजीनंच वाढवलं. आजीचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, म्हणून घरात सगळे तिला ‘अज्जी’ (कन्नडमध्ये आजी) म्हणतात. अज्जीनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला गोंदण आहे: तुळशीवृंदावन, दोन्ही अंगांना ठिपक्यांच्या ओळी, खाली दोन अक्षरं. डिसेंबरात तिचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी तिला चकित करायचं म्हणून तेच गोंदण, त्याच जागी, त्याच हिरवट-निळ्या रंगात टॅटू म्हणून काढून घ्यायचं मुलीनं ठरवलंय. एरवी फोटो काढायला गेलं की अज्जी हात पदराखाली घेते, ‘लाजत असेल’. म्हणून ती झोपलेली असताना मोबाइलवर फोटो काढून आर्टिस्टला दाखवला. अक्षरं ‘आजोबांच्या नावाची असणार’. त्यांची शिरोरेषा पुसली गेलीय, ती नव्यानं देऊन अक्षरं ‘नीट’ करतो, असं आर्टिस्ट म्हणाला. आगाऊ पैसेही दिलेत. आईचा विरोध आहे, ‘उद्या स्थळं यायला लागली की?’ भाऊ अग्निवीरच्या भरतीची तयारी करतोय, त्यालाही तेच दंडावर हवंय. मुलीचा प्रश्न एकच: आईला कसं पटवू? आणि शेवटी कंसात एक ओळ: (कान टोचले तेव्हा मागे गाठ आली होती, ती अजून आहे, पण तो कानाचा प्रश्न.)

उत्तर:

आईकडे नंतर येऊ. आधी कंसातली ओळ.

कान टोचल्यावर आलेली प्रत्येक गाठ वाईट नसते. जंतुसंसर्गानं आलेली लाल, दुखरी पुटकुळी काही आठवड्यांत बसते. जखमेच्या हद्दीत राहून नुसता वर आलेला वण वर्ष-दोन वर्षांत हळूहळू सपाट होऊ शकतो. तिसरा प्रकार केलॉइडचा. तो मूळ जखमेच्या बाहेर पसरतो, हाताला कडक लागतो, चकचकीत दिसतो, मधूनमधून खाजतो, आणि नुसता कापून काढला तर बहुतेक वेळा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा होऊन. तुमची गाठ ‘अजून आहे’ म्हणता, म्हणजे पहिला प्रकार बाद. उरलेल्या दोनपैकी कोणता, हे त्वचारोगतज्ज्ञ हात लावून सांगतील. सिव्हिलच्या ओपीडीतही ते दाखवता येतं.

तो कानाचा प्रश्न नाही, तो तुमच्या कातडीचा स्वभाव आहे, आणि कातडी सगळीकडे एकच असते. कान एकदा टोचतात. टॅटूच्या मशीनची सुई सेकंदाला शंभरेक वेळा खालीवर होते. केलॉइडची प्रवृत्ती असलेल्या अंगावर रेघेची दोरी होते आणि ठिपक्याचा दाणा, आणि तुमचं गोंदण तर नुसत्या रेघाठिपक्यांचंच आहे. असा वण लेझरनं जात नाही. लेझर शाई फोडतो, वण नाही. उलट कातडीला आणखी एक इजा करतो. हाताच्या आतल्या बाजूला धोका छाती, खांदा किंवा कानाच्या पाळीपेक्षा कमी असतो, पण तो नसतोच असं नाही. गाठ केलॉइडची निघाली तर बहुतेक डॉक्टर टॅटूला सरळ नाही म्हणतील, आणि ते ऐकावं असं आमचंही मत आहे.

डॉक्टर ‘सांगता येत नाही’ म्हणाले, तर कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी चार ठिपके आणि सेंटिमीटरभर रेघ काढून बघायची आणि निदान सहा महिने थांबायचं. काही केलॉइड वर्षभरानंतरही उगवतात, म्हणजे ही चाचणीही पक्की हमी नव्हे. हिशेब सरळ आहे: डिसेंबरपर्यंत तुमच्या हातावर हे गोंदण येत नाही. आगाऊ पैसे परत मागण्याआधी तारीख बेमुदत पुढे ढकलता येते का ते विचारा. गाठीचं कारण सांगितल्यावर आर्टिस्टनंच ‘थांबा’ म्हणायला हवं. ‘काही होत नाही, या’ म्हणाला, तर पैसे गेले असं समजा आणि तिकडे जाऊ नका.

आता तो फोटो. झोपलेल्या माणसाच्या हाताचा. तुमच्या मनात प्रेमच आहे, पण जी बाई फोटो काढताना हात पदराखाली घेते, तिच्या त्याच हाताची नक्कल तिला न विचारता कायमची अंगावर घ्यायची आणि ऐंशी पाहुण्यांसमोर बाही वर करून दाखवायची, याला भेट म्हणता येईल का? ‘लाजत असेल’ हा तुमचा अंदाज. त्या पिढीतल्या पुष्कळ मुलींना पाच-सात वर्षांच्या असताना जत्रेत किंवा दारात आलेल्या गोंदणारणीपुढे बसवलं जायचं, दोघींनी हातपाय धरायचे. तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, काजळी पाण्यात, पाल्याच्या रसात नाहीतर दुधात खललेली, आणि वरून हळद. कुणाला त्याचा अभिमान असतो: मेल्यावर दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं त्या सांगतात. कुणाला ते दुखणं आयुष्यभर आठवतं. कुणाला पुढे शिकल्यासवरल्या नातेवाइकांत ‘अडाणी’ म्हणून हिणवलेलं आठवतं. अज्जी यातली कोण, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. चोवीस वर्षं त्या हाताखाली वाढलात आणि हा प्रश्न विचारायचा राहिला. घरोघरी असंच होतं, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. पण आता विचारा. दुपारी, ती एकटी असताना, भावालाही बाहेर पाठवून.

एकटी असताना का, तर ती दोन अक्षरं. आजोबांचं नाव तुम्ही पत्रात लिहिलंय; ते आम्ही छापत नाही. पण तुम्ही वर्णन केलेली अक्षरं, ‘एक मराठी तीनसारखं, दुसरं वाटोळं, दोघांच्या डोक्यावर बाक’, त्या नावात काही केल्या बसत नाहीत. शिरोरेषा पुसली गेली असं आर्टिस्टला वाटतं. बाकीचं सगळं गोंदण शाबूत आणि नेमकी दोन्ही अक्षरांवरची आडवी रेघ तेवढी गेली? मुळात ती नसावीच. अक्कलकोट तालुक्यात घराघरात कन्नड बोलतात. कन्नड लिपीत शिरोरेषा नसते, अक्षराच्या डोक्यावर छोटी वळलेली खूण असते, तिला तलेकट्टु म्हणतात. अक्षरं कन्नड असण्याची शक्यता दाट आहे. त्यांच्यावर शिरोरेषा ओढली की ती ना कन्नड राहतील ना मराठी, आणि तुम्ही ती जन्मभर हातावर घेऊन फिराल.

त्यामुळे हा नियम सगळ्याच वाचकांसाठी: जुन्या गोंदणातलं, पत्रातलं किंवा वहीतलं न लागणारं अक्षर आर्टिस्टला ‘नीट’ करू देऊ नये. लिपी जाणणाऱ्याला आधी दाखवावं. सोलापुरात कन्नड वाचणारा माणूस शोधायला गल्ली ओलांडावी लागत नाही. पण दाखवण्याआधी अज्जीला विचारा, कारण नाव आजोबांचंच असेल असं नाही. भावाचं असू शकतं, देवाचं असू शकतं, बरोबर गोंदून घेतलेल्या मैत्रिणीचं असू शकतं. दोघी मैत्रिणींनी एकमेकींची नावं गोंदून घेणं काही नवलाचं नव्हतं. किंवा जे नाव ती साठ वर्षं घरात बोललेली नाही, तेही असू शकतं. ती सांगेल तेवढंच ऐका. नाही सांगितलं, तर ती दोन अक्षरं तिची. तुमच्या हातावर तुळस आणि ठिपके पुरेत. आणि विचारताना ‘टॅटू’ म्हणू नका, ‘गोंदण’ही कदाचित तिचा शब्द नसेल. ‘हच्चे’ म्हणून बघा. कन्नडमधला शब्द तो.

इथे दोन कामं एकात एक अडकलीत, ती वेगळी करू: गोंदण उतरवून घेणं आणि गोंदून घेणं. दुसरं पाच वर्षांनी केलं तरी चालेल, अजिबात नाही केलं तरी चालेल. पहिलं थांबू शकत नाही, कारण ते ऐंशी वर्षांच्या कातडीवर आहे. मोबाइलच्या तिरक्या फोटोवरून ते होत नाही. वाकड्या हाताचा फोटो आकार वाकडा करतो, आणि म्हाताऱ्या हाताची सैल कातडी त्यात आणखी भर घालते. तुळशीचं वृंदावन चौकोनी होतं की खाली निमुळतं, हे त्या फोटोवरून आर्टिस्टला कळणं शक्य नाही. तो अंदाज करणार.

अज्जी तयार असेल तर असं करा. खिडकीशी खुर्ची, मांडीवर उशी, उशीवर हात, तळवा वर. ऊन थेट नको, उजेड हवा. कोरड्या कातडीवर जुनी रेघ पुसट दिसते. खोबरेल तेलाचा एक थेंब बोटानं पसरलात की ठिपका न ठिपका उघडा पडतो. आधी फोटो: हाताशेजारी, त्याच उंचीवर शाळेची पट्टी ठेवायची, मोबाइल हाताला समांतर धरायचा, फ्लॅश बंद. मग तेल टिपून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगची पारदर्शक कव्हरं मिळतात, दोन आणा. एक हातावर ठेवून बारीक टोकाच्या मार्करनं गोंदण गिरवायचं, हात सहज पडलेला असताना. दुसऱ्या कव्हरवर पुन्हा गिरवायचं, पण या वेळी दुसऱ्या कुणीतरी अंगठ्यांनी सुरकुत्या अलगद पसरून धरायच्या. अलगद म्हणजे खरोखर अलगद. या वयात नुसत्या बोटांच्या दाबानं काळंनिळं पडतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हे दुसरं गिरवणं सोडूनच द्या. दोन्ही कव्हरं एकमेकांवर ठेवून उजेडात धरलीत की दिसेल, रेघ कुठे सरकलीय.

तरीही चार-दोन जागा अडतीलच. तिथे परात घ्या. परातीत ज्वारीचं पीठ मूठभर पसरा आणि अज्जीला म्हणा, तुझी तुळस काढून दाखव. चाळीस वर्षं तेंदूचं पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळलेली बोटं आहेत ती, त्यांना मापं डोळ्यांपेक्षा जास्त आठवतात. ठिपके आधी मांडते की रेघ आधी ओढते, ओळीत पाच ठिपके टाकते की सात, ते बघा. हातावर पाच दिसत असतील आणि परातीत सात पडले, तर दोन ठिपके कातडीत विरलेत किंवा शेजारच्यांत मिसळलेत. हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करा, परात वरून दिसेल असं. बोलणंही त्यातच येईल: कुठल्या गावच्या जत्रेत, कुणी धरलं होतं, गोंदणारणीला बदल्यात काय दिलं, धान्य की खण.

मग ते ग्राफपेपरवर आणा, जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, चादरीचं डिझाइन मांडतात तसं. एका ठिपक्याला किती चौकोन, दोन ठिपक्यांत किती मोकळे, हे ठरलं की ते गोंदण घरातल्या कुणालाही, कधीही, कशावरही उतरवता येतं. मूळ कव्हरं फाइलमध्ये ठेवा, कोपऱ्यात तारीख आणि ‘डावा हात’ लिहून. स्टुडिओत नेहमी प्रत द्यायची, मूळ नाही. आजोबांचं हस्ताक्षर काढून घेणाऱ्यांनाही हेच लागू: पोस्टकार्ड किंवा हिशेबाची वही ६०० डीपीआयवर स्कॅन करा, कागद घरी ठेवा.

समजा, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, अज्जीही हो म्हणाली, सहा महिने गेले. तेव्हाचं आता, आणि हे तुमच्यासारखी इच्छा असलेल्या बाकीच्यांसाठीही.

रंग. हिरवी-निळी शाई मागू नका. अज्जीचं गोंदण काजळीचं, म्हणजे काळंच होतं. काळे कण कातडीत खोल बसले की वरच्या थरांतून परत येणाऱ्या उजेडात निळा भाग जास्त उरतो, आणि वर्षांनुवर्षं शाई विरळ होत गेली की रंग हिरवटाकडे झुकतो. तुमच्या शेजारची तेलुगू कुटुंबं गोंदणाला पच्चबोट्टु म्हणतात, म्हणजे हिरवा टिळा. नाव दिसण्यावरून पडलंय, शाईवरून नाही. चांगली काळी शाई घ्या, बाकीचं काळ करील. रंगीत शाईची ॲलर्जी काळीपेक्षा जास्त आढळते, लाल त्यात सगळ्यांत पुढे. आणि उद्या काढायची वेळ आली तर लेझरला काळी शाई सोपी जाते, हिरवी चिवट. सोपी म्हणजे तरी सहा ते आठ आठवड्यांच्या अंतरानं अनेक बैठका, आणि खर्च टॅटूच्या कैक पट.

आकार. शाई कातडीत पसरते, सगळ्यांच्याच. आज एक मिलिमीटरचा ठिपका दहा-पंधरा वर्षांत दीड-दोनचा होतो. म्हणून दोन ठिपक्यांत निदान अडीच-तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडायची, नाहीतर ओळीची रेघ होते. गोंदणारणी ठिपके लांब लांब टाकायच्या, त्यांना हे माहीत होतं. देवनागरी अक्षर घ्यायचं असेल तर उंची सेंटिमीटरच्या आत नको. ‘ब’च्या पोटातली रेघ, ‘ष’चं पोट, ‘श्र’चा कोपरा, वेलांटीच्या आतली फट आधी बुजते. जोडाक्षराला दीड सेंटिमीटर द्या. पासपोर्ट फोटोवरून आजोबांचा चेहरा काढून घेणाऱ्यांना एवढंच सांगतो की तळहाताएवढ्या जागेत चेहरा पाच वर्षांत कुणाचाही होतो.

सुई किती खोल? वरचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच, तो सतत झडत असतो. शाई त्याच्या खाली, एक ते दोन मिलिमीटरवर बसावी लागते. उथळ गेली तर महिन्याभरात तुटक दिसते, खोल गेली तर रेघेभोवती निळसर धूर पसरतो, त्याला आर्टिस्ट ब्लोआउट म्हणतात. हाताच्या आतली कातडी पातळ, त्यामुळे तिथे हे लवकर होतं. म्हणून आर्टिस्ट निवडताना ताज्या टॅटूचे फोटो बघू नका, ताजा सगळ्यांचाच छान दिसतो. वर्ष उलटलेले, बऱ्या झालेल्या कातडीवरचे, तेही बारीक रेघेचे आणि ठिपक्यांचे मागा. वाघाचं तोंड सुंदर काढणाऱ्याला सरळ ठिपक्यांची ओळ जमतेच असं नाही.

स्टुडिओत डोळे उघडे ठेवा. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायचं, त्यावरची मुदतीची तारीख वाचायची. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात ओतायची, उरलेली फेकायची, बाटलीत परत नाही. मशीन आणि वायर प्लॅस्टिकनं गुंडाळलेली. हातमोजे घालून मोबाइल उचलला तर मोजे बदलायचे. नाही बदलले तर तुम्ही म्हणा, लाजू नका. स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर आधी उमटवायचा कच्चा आराखडा, लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचं, आणि तेवढ्या वेळात तुम्ही ते तुमच्या ग्राफपेपरशी ठिपका मोजून ताडायचं. हात सरळ आणि दुमडून, दोन्ही बघा. चुकलं असेल तर पुसून पुन्हा लावायला पाच मिनिटं लागतात. तेव्हा संकोच केला की जन्मभर बाही ओढत बसावं लागतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या असो की आणखी कुठल्या, जत्रेत बसून काढून घेऊ नका. एकच सुई आणि एकच शाईची वाटी दहा जणांत फिरली की कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही, तिन्हींची वाट मोकळी. कावीळ बीची लस (तीन डोस, सहा महिन्यांत) आधीच घेतलेली बरी. तुम्ही थांबणारच आहात, तर या सहा महिन्यांत ती होऊन जाईल. आणि टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. नियमित देणाऱ्यांनी देऊन मग जावं.

पुढची काळजी छापील कागदावर स्टुडिओ देतोच, पण तो कागद सोलापूरसाठी लिहिलेला नसतो. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, पिंपात साठवलेलं वापरतो. ताज्या टॅटूवर ते नको. पहिला आठवडा उकळून गार केलेल्या पाण्यानं, बिनवासाच्या साबणानं, दिवसातून दोनदा-तीनदा. पुसायला सोलापुरी टॉवेल अजिबात घेऊ नका, त्याचे फुलवलेले तंतू ओल्या जखमेत चिकटतात. टिश्यूपेपरनं टिपायचं, घासायचं नाही. रात्री चादर हातावर नको, जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा सैल गुंडाळा. घरात विड्यांचं काम चालू असेल तर तंबाखूच्या भुकटीपासून हात लांब. मार्चनंतर काढू नका, इथल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत घाम आणि ऊन मिळून जखम चिघळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. गाडीवर सनकोट चालेल, पण बाही सैल हवी. हळद, खोबरेल, कुठलाही घरगुती लेप पहिले दोन आठवडे लावू नका. अज्जी म्हणेल, आम्ही हळदच लावली होती. खरं आहे, आणि तेव्हा पिकलेल्या हातांचं कुणी मोजमाप ठेवलं नव्हतं. बिनवासाचं मॉइश्चरायझर अगदी पातळ, चकाकी दिसेल एवढंच. चौथ्या ते दहाव्या दिवसात पापुद्रे सुटतात, खाज येते. थोपटा, खाजवू नका, नखानं पापुद्रा काढलात की त्याबरोबर ठिपकाही जातो. तिसऱ्या दिवसानंतर लाली कमी व्हायच्याऐवजी पसरत असेल, पू किंवा ताप असेल, तर स्टुडिओला नाही, डॉक्टरला फोन. साखरेचा त्रास असलेल्यांनी ती ताब्यात आल्याशिवाय खुर्चीत बसूच नये.

भावाचं मात्र ताबडतोब थांबवा. लष्कराच्या भरतीत कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या बाजूला, आणि पंजाच्या पाठीमागच्या भागावर. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत असते, तुमच्या भावाला ती नाही. दंडावर काढला तर धावण्यात पहिला येऊनही वैद्यकीय तपासणीत घरी येईल. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय दलांत आणखी अट: आतल्या बाजूला, पण डाव्याच हाताला, कारण उजव्यानं सलाम करतात, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी. जाहिरातीतला वैद्यकीय तपासणीचा भाग त्यानं स्वतः वाचावा. सगळ्यांत शहाणपणाचं म्हणजे भरती होईपर्यंत कोरा हात. शिवाय बहिणीला गाठ आली म्हणजे भावाचेही कान तपासायला हवेत. केलॉइड घराण्यात चालतो.

आता आई. स्थळांच्या भीतीला उत्तर सोपं आहे: ज्या घराला सुनेच्या हातावरची तुळस खुपते, ते घर तसंही सोडलेलं बरं, आणि त्यांच्याही आज्यांच्या हातावर ती होतीच. पण आईला खरंच स्थळांचीच काळजी आहे का, ते बघा. ती पुण्यात राबत होती तेव्हा तुम्ही अज्जीच्या हाताखाली वाढलात. त्या वर्षांची आठवण तुम्ही हातावर कोरून घेणार आणि त्यात आपण कुठेच नाही, हे आईला बोलता येत नसेल. तिला पटवायला जाऊ नका, कामाला लावा. कव्हरवर गिरवताना सुरकुत्या अंगठ्यांनी पसरून धरायला दुसरं माणूस लागणारच आहे.

डिसेंबरात अज्जीला द्यायचं काय? तीन महिने हातात आहेत. चादरीत विणून घ्यायचा मोह होईल. एका नगासाठी जेकार्ड परवडत नाही, कारण आडव्या प्रत्येक धाग्याला एक कार्ड पंच करावं लागतं, मग चादर एक विणा नाहीतर हजार. हातमागावर भिंतीला लावायचं वॉलहँगिंग एकेक विणून देणारे विणकर तुमच्या भागात आहेत. ग्राफपेपर घेऊन गेलात तर त्यांना समजावून सांगावं लागणार नाही, पण वेळ आधीच विचारा. याहून सोपी वाकळ: अज्जीच्या जुन्या साड्या आत, वरच्या कापडावर खडूनं ग्राफवरून तुळस उतरवायची आणि काळ्या दोऱ्यानं धावदोरा. धावदोऱ्याचा टाका म्हणजे ठिपक्यांची ओळच, गोंदणाला त्याच्याइतकं जवळचं काही नाही. आणि हातावरच हवं असेल, तर त्या दिवसापुरती मेंदी: कोन घेऊन स्वतः काढा किंवा अज्जीला काढू द्या. साधी, तपकिरी रंगणारी मेंदी. ‘काळी मेंदी’ घेऊ नका. तिच्यात केसांच्या कलपातलं पीपीडी असतं, त्यानं फोड येतात आणि त्यांचे वण राहतात, तुमच्या कातडीला तर नक्कोच.

डॉक्टरांकडे जाताना कानातलं काढून जा, आणि कान कुठल्या वर्षी टोचले, गाठ किती महिन्यांनी दिसली, तेव्हापासून वाढली की तेवढीच आहे, हे आठवून ठेवा. पहिले तीन प्रश्न तेच असतील. आठवत नसेल तर अज्जीला विचारा, कान टोचायला बहुधा तीच घेऊन गेली असेल.